बुटक्या पुलाखाली

आमच्या खेळात माणसं कमी आहेत, हे मला कुणी सांगायला नको. ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा पडदा लावलेला आहे. या घडीला आमच्या रस्त्यांवर किती ट्रक धावताहेत, तो आकडा त्यावर दिसतो. नवीन माणूस आला की आधी आकड्याकडे बघतो, मग आमच्याकडे बघतो आणि हळूच विचारतो, "पडदा बिघडलाय का?" पडदा ठणठणीत आहे. माणसंच कमी आहेत.

खेळ ट्रक चालवण्याचा आहे. घरी संगणकासमोर बसायचं, टेबलाला स्टिअरिंग अडकवायचं, माल भरायचा आणि या गावचा त्या गावी पोचवायचा. समोरून येणारा प्रत्येक ट्रक म्हणजे कुठल्यातरी घरात खुर्चीवर बसलेलं एक जिवंत माणूस. यातले रस्ते मी काढते. घाट, वळणं, पूल, पेट्रोलपंप, सगळं माझ्या हातचं. खड्डेसुद्धा मीच काढते आणि मन लावून काढते.

असाच दुसरा एक खेळ आहे, आमच्याहून कितीतरी मोठा. तिथे रस्ते कायम गजबजलेले. त्या कंपनीत माझा धाकटा भाऊ नोकरीला आहे. तो तिथे आकाश करतो. नुसतं आकाश. सकाळचं, दुपारचं, ढगाळ. दिवसभर ढग इकडचे तिकडे सरकवतो आणि त्याचा पगार घेतो. माझं त्याच्यावर प्रेम आहे, पण एका टेबलावर जेवायला बसलो की ते फार वेळ टिकत नाही.

मागच्या खेपेला आम्ही दोघं एकाच दिवशी आईकडे जाऊन थडकलो. आई दुसऱ्या गावी एकटी राहते. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. "थांबा हं, जोडून देते," हे वाक्य ती झोपेतही म्हणते, अशी आम्ही तिची थट्टा करतो. आता गुडघ्यांनी दगा दिल्यापासून जिना उतरणं तिच्या जिवावर येतं. खिडकीजवळच्या टेबलावर तिने शिवणाचं मशीन ठेवलं होतं. या वेळी बघते तर मशीन कोपऱ्यात, आणि टेबलावर संगणक, त्याला ट्रकचं स्टिअरिंग, खाली पायाशी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर.

"मी आणून दिलं," धाकटा म्हणाला. त्याची छाती फुगली होती. "आई आमचा खेळ खेळते."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. "आई, खरंच?"

"खेळते की. दुपार सरते." आई भांडी आवरायला पाठमोरी झाली.

"आणि माझा?"

"तुझा अवघड आहे म्हणतो हा."

"अवघड नाही, ताई, ताप आहे," धाकट्याने वाढून घेत घेत सांगितलं. "तुमच्याकडे माणसं का येत नाहीत, सांगू? तुमच्या खेळात माणूस अडकतो. टायर फुटला, गाडी चिखलात रुतली, कुठे कठड्याला घासली, की बसा तिथेच. रेडिओवर मदत मागायची आणि कोण कुठला दुसरा खेळाडू येऊन ओढून काढेपर्यंत वाट बघायची. कुणाला वेळ आहे? आमच्याकडे 'घरी न्या' असं एक बटण आहे. दाबलं की गाडी धुऊनपुसून गॅरेजात. आणि गाड्या एकमेकींना लागतच नाहीत. आरपार जातात. भांडण नाही, तंटा नाही."

"म्हणजे भुतं आहेत तुमच्याकडे. लाखभर भुतं."

"लाखभर आहेत ना पण!"

मी ताटावरून उठले नाही, एवढाच काय तो माझा संयम. पण एक गोष्ट मनाला फार लागली. परक्या लाखभर लोकांनी तिकडे जावं, मला त्याचं काही नाही. माझ्या स्वतःच्या आईने माझे रस्ते सोडून त्याच्या ढगांखाली गाडी चालवावी, हे मला सहन होईना. परत येताना गाडीत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. ती मात्र रोज संध्याकाळी नेमाने फोन करत राहिली आणि मी रोज सांगत राहिले, "आई, मीटिंगमध्ये आहे."

आता त्या पुलाचं सांगते, कारण सगळं रामायण तिथे घडलं.

आमच्या नकाशावर एका घाटाच्या तोंडाशी रेल्वेचा पूल आहे. रस्ता त्याच्या खालून जातो. पूल मी अगदी मापात काढला होता, सगळ्यात उंच ट्रेलरच्या डोक्यावर वीतभर जागा सोडून. पुढे कधीतरी आम्ही सगळ्याच रस्त्यांना नव्याने डांबर चढवलं. मी एक बटण दाबलं आणि सगळे रस्ते झकास काळे झाले. या पुलाखालचासुद्धा. डांबर चढलं तेवढा रस्ता वर आला आणि पूल होता तिथेच राहिला. तेव्हापासून उंच ट्रेलर घेऊन तिथे कुणी गेलं, की त्याचं छप्पर पुलाच्या पोटाला लागतं आणि गाडी पाचरीसारखी बसते. धड पुढे नाही, धड मागे नाही.

मला हे कळलं तेव्हा मी लगेच दुरुस्त करायला बसले. तर खेळाडूंची पत्रं येऊन थडकली. हात लावू नका. बुटका पूल आमचा आहे. तिथे एक रीतच पडून गेली होती म्हणे. पुलाच्या अलीकडे येताच प्रत्येकाने दोनदा हॉर्न द्यायचा, म्हणजे आत कुणी अडकलेलं असेल तर त्याला कळतं की माणूस आलंय. आणि दुपारच्या वेळी तिथे रस्त्याच्या कडेला एक निळा ट्रक उभा असतो. तो नवख्यांना थांबवतो, उंची विचारतो आणि मोठ्या वळणाने पाठवतो.

त्या निळ्या ट्रकवाल्याचं खेळातलं नाव 'घाई नाही'. आमच्या ऑफिसात तो प्रसिद्ध होता, पण भलत्याच कारणाने. मदतीची हाक आली की ती पडद्यावर उमटते, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त अडकणारा माणूस म्हणजे हाच. चिखलात घाई नाही. खड्ड्यात घाई नाही. पेट्रोलपंपाच्या खांबाला घाई नाही. चाकांचं आणि धक्क्याबिक्क्यांचं गणित बघणारा आमचा गडी आहे, त्याला आम्ही चाकवाला म्हणतो. तो म्हणायचा, "या माणसाला मागे घेता येत नाही. आला दिवस कुठेतरी घुसतो." आम्ही सगळे हसायचो. कुणी रिटायर झालेले आजोबा असतील, असं मी धरून चालले होते.

मग पाहुणे आले.

आमच्या मालकांना सगळे दादा म्हणतात. भला माणूस, पण त्या महिन्यांत त्यांचा चेहरा बघवत नव्हता. कंपनीच्या गळ्याशी पाणी आलं होतं. कुणी मोठ्या माणसाने हात दिला नसता तर वर्षअखेर खेळ बंद करावा लागणार होता. हे पाहुणे तसा हात द्यायला तयार होते. त्यांनी आमचा खेळ आठवडाभर खेळून बघितला होता, प्रश्नही नेमके विचारत होते. मी त्यांना नावं ठेवू शकत नाही. ठेवायला मला आवडलं असतं.

"रस्ते सुंदर आहेत," ते म्हणाले. "तुम्हीच काढता ना? तिकडच्या खेळात असले रस्ते नाहीत. तरी माणसं तिकडे जातात. कारण उघड आहे. मी परवा एका शेताच्या बांधाला रुतलो आणि जेवायची वेळ टळेपर्यंत बसून होतो. माझी एकच अट आहे. 'घरी न्या' बटण घाला. बाकी कशाला हात लावू नका."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी चाकवाल्याकडे बघितलं. चाकवाल्याने छताकडे बघितलं.

"कुणीतरी आलंच असेल ना शेवटी?" मी विचारलं.

"आलं. पण मी थांबलो. शंभरातले नव्वद जण थांबणार नाहीत. खेळ बंद करतील आणि परत फिरकणार नाहीत."

"मग आत्ता बघू," मी म्हणाले. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे माझी आई लहानपणापासून सांगते. "तुमच्यासमोर अडकते. दुपारची वेळ आहे, रस्त्यावर माणसं नाहीतच म्हटली तरी चालेल. माझं नाव लावत नाही, नाहीतर म्हणाल ओळखीने आले. नवीन खातं काढते. तुमच्या परतीच्या गाडीची वेळ व्हायच्या आत कुणी आलं, तर बटण नाही."

"आणि नाही आलं तर?"

"तर बटण मी स्वतः काढून देते. लाल रंगाचं."

दादा "अगं, अगं" करत राहिले. पाहुण्यांनी मात्र खुर्ची ओढली आणि चहा मागवला.

नव्या खात्याला मी 'नवा' असं नाव दिलं. सगळ्यात उंच ट्रेलर घेतला आणि पुलाकडे निघाले. रस्ते काढणं निराळं आणि त्यावरून परक्यासारखं जाणं निराळं. कडेला निळा ट्रक नव्हता. नेमका आजच नव्हता. मी दोनदा हॉर्न दिला आणि पुलाखाली घुसले. वरून असा काही करकराट झाला की शेजारच्या खोलीतली हिशेबनीस डोकावून गेली.

गाडी बसली. माझ्याच पुलाखाली, माझ्याच डांबरामुळे. मी माइक लावला नव्हता, म्हणून लिहूनच हाक टाकली. "पुलाखाली अडकलोय. कोणी आहे का?"

कुणी नव्हतं. चहा आला, संपला. पाहुणे शांतपणे आपला फोन बघत बसले. पडद्यावरचा आकडा मला वेडावून दाखवत होता. चाकवाला माझ्या कानाशी लागला, "आपल्या खात्याने बोलावू का दोघातिघांना?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने जागेवर गेला. दादा नखं खात होते. खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझा धीर सुटत चालला होता. लाल रंगाचं बटण कुठल्या कोपऱ्यात बसेल, याचा विचारसुद्धा मी करून ठेवला.

आणि दोनदा हॉर्न वाजला.

पुलाच्या पलीकडून निळा ट्रक येत होता. सावकाश, रस्त्याच्या बरोबर मधून, कुणाची भीडभाड न ठेवता. वर पाटी होती, 'घाई नाही'. चाकवाला ओरडला, "आजोबा आले!"

स्पीकरमधून आवाज आला. "घाबरू नकोस रे बाळा. थांब हं. जोडून देते."

हा आवाज मी रोज संध्याकाळी ऐकते, अर्धा मिनिट.

मी स्पीकर मोठा केला. आई खडखडीत आवाजात रेडिओवर सांगत होती, "मंडळी, पुलाखाली एक पोर अडकलंय. जवळ कोण आहे? मी आहेच इथे, पण मला मागे घेता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे." पलीकडून दोघांनी "येतो, आजी" म्हटलं. तेवढ्यात तिने माझ्याजवळ यायला म्हणून गाडी वळवली, पुढचं चाक नाल्यात घातलं आणि म्हणाली, "घ्या. आता दोघं."

पाहुणे मोठ्याने हसले. पहिल्यांदाच. मग पुढे सरकले. "मी काही विचारू का त्यांना?" मी की-बोर्ड त्यांच्याकडे ढकलला. त्यांनी लिहिलं, "तुम्ही हा खेळ का खेळता? तो दुसरा मोठा आहे ना?"

"तिथेच होते की आधी," आई म्हणाली. "माझ्या मुलाने आणून दिला. तो तिथे नोकरीला आहे. आकाश फार छान करतो हो. पण तिथे काय व्हायचं, समोरून भली मोठी गाडी यायची आणि माझ्या गाडीतून आरपार निघून जायची. मला वाटलं माझे डोळे गेले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. ते म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मग कळलं, तिथे असंच असतं. इतकी माणसं आणि कुणी कुणाला लागत नाही. मी हॉर्न दिला तरी कुणी वळून बघत नव्हतं. मला माझ्या घरात तसलं पुष्कळ आहे, संगणकात कशाला?"

चाकवाला तोंडावर हात ठेवून हसू दाबत होता. माझं मात्र तिकडे लक्ष नव्हतं.

"मुलाला सांगितलं नाही मी," ती पुढे म्हणाली. "त्याला वाटतं मी अजून त्याचाच खेळते. वाईट वाटेल त्याला. आणि मुलीलाही सांगितलं नाही."

पाहुण्यांनी लिहिलं, "मुलगी?"

"हे रस्ते माझी मुलगी काढते."

खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी पडद्याकडे बघत राहिले.

"तिला कळलं की मी इथे धडपडते, तर माझ्यासाठी रस्ते सोपे करून ठेवेल. मला नको तसं. संध्याकाळी फोन केला की ती मीटिंगमध्ये असते. बिचारीला काम फार आहे. मग मी दुपारी तिच्या रस्त्यांवर येते. हे वळण तिने काढलं, हे झाड तिने लावलं. तेवढंच भेटून आल्यासारखं होतं. स्वभावाने तापट आहे, पण हात गुणी आहे तिचा. हा पूल तेवढा चुकला. एवढी हुशार मुलगी आणि पूल बुटका केलाय!"

आता बघा. माझे डोळे भरून आले होते, नाक वाहत होतं, समोर कंपनीचं भवितव्य बसलं होतं. आणि तरी ते वाक्य ऐकलं आणि माझी तार सटकली. मी पाहुण्यांच्या हातून की-बोर्ड ओढून घेतला आणि लिहिलं, "पूल चुकलेला नाही. पूल मापातच आहे. नंतर डांबर चढलंय."

स्पीकरमधून तिने इंजिन बंद केल्याचं ऐकू आलं.

"असं होय," आई म्हणाली. "बरंच माहीत आहे रे तुला."

मग ते दोघे आले, दोनदोन हॉर्न देत. एकाचं नाव 'शिट्टी' आणि दुसऱ्याचं 'मामा'. त्यांनी मला टायरांतली हवा सोडायला सांगितलं. हवा सोडली की गाडी खाली बसते आणि छप्पर पुलापासून सुटतं. चाकवाल्याने हे गणित कुणी न सांगता घालून ठेवलं होतं आणि आजवर मी त्याची त्यावरून टिंगल करत आले होते. 'मामा'ने मागून दोर लावून ओढलं. गाडी करकरत बाहेर आली. मग त्यांनी आईला नाल्यातून काढलं. ते त्यांच्या सवयीचं काम दिसत होतं. "आजी, कालच्याच नाल्यात?" असं 'शिट्टी'ने विचारलं आणि आई म्हणाली, "काल डावीकडच्या होते."

पाहुण्यांनी घड्याळात बघितलं. त्यांच्या गाडीला अजून वेळ होता. मी जिंकले होते.

"पैज तुमची," ते म्हणाले. "आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. पण तुम्हीही ऐका. या तुमच्या आई आहेत. आईंच्या भरवशावर धंदा होत नाही. बटण घाला. ज्यांना थांबायचंय ते थांबतील, ज्यांना जायचंय ते जातील. यात कुणाचं काय नुकसान आहे?"

पैज मागे घेतली जात होती, इतक्या गोड शब्दांत की दादांची मान हलायला लागली. मी उठून उभी राहिले.

"नुकसान सांगते," मी म्हणाले. "आमच्याकडे माणसं कमी का येतात, ते तुम्ही बरोबर ओळखलंत. इथे दुसऱ्याची गरज पडते. ती कुणालाच आवडत नाही. मलाही नाही. मी तर आईचा फोनसुद्धा अर्ध्या मिनिटात ठेवते. बटण दिलंत तर पहिल्यांदा मी दाबेन. सगळे दाबतील. आज गुडघे दुखताहेत म्हणून एखाद्या दिवशी माझी आईही दाबेल. आणि एकदा सगळे दाबायला लागले की 'शिट्टी' कुणासाठी येणार? 'मामा' दोर कुणाला लावणार? बटण नुसतं कोपऱ्यात पडून राहत नाही हो. ते बाकीचं सगळं खाऊन टाकतं. मग आमच्याकडेही लाखभर येतील आणि आईला परत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागेल. नको मला ते लाख. येतील तेवढे येऊ देत."

"आणि खेळ बंद पडला तर?"

"अडकला तर बसू. हाक मारू. या खेळात दुसरं काय शिकलोय आम्ही?"

बोलून गेले आणि मग दादांकडे बघितलं, कारण खेळ माझा नव्हता, दादांचा होता. दादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता हे मला बाहेर जायला सांगणार.

"बटण नाही," दादा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की पाहुण्यांनी "काय?" विचारलं. मग दादांनी घसा खाकरला आणि चाळीस माणसांच्या सभेत बोलल्यासारखं ठणकावून सांगितलं, "बटण नाही!"

पाहुणे सभ्य माणूस. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि गेले. हात द्यायला आलेले हात मिळवून गेले, एवढंच झालं. नंतर पश्चात्तापाबिश्चात्तापाचं कुणी विचारलं तर मी सांगते, नाही. चरफडले मात्र भरपूर.

आम्ही ते मोठं ऑफिस सोडलं. हिशेबनीस बाईंनी दुसरी नोकरी धरली. आता आम्ही तिघंच आहोत, एका टायरवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत. खाली दिवसभर ठोकाठोक चालते. चाकवाला खूश आहे, म्हणतो, आता कुठे योग्य जागी आलो. भिंतीवरचा पडदा विकला आणि तो आकडा आता दादांच्या जुन्या लॅपटॉपवर दिसतो. आम्ही खेळाडूंना सरळ लिहून कळवलं होतं की आम्ही अडकलोय, कोणी आहे का. खेळ चालवणारे मोठे संगणक आम्हाला परवडत नव्हते, तर त्यातल्या काहींनी आपल्या घरच्या संगणकावर आमचा एकेक रस्ता चालू ठेवायला घेतला. घाटाचा रस्ता 'मामा'च्या घरी आहे, त्याच्या बायकोने झाडलोट करताना वायर काढली की घाट बंद पडतो. पण खेळ चालू आहे. आकडा वाढलेला नाही. कमीही झालेला नाही.

धाकट्याने फोन करून सांगितलं, "ताई, वेडी आहेस तू. आमच्याकडे ये, रस्ते करायला माणूस हवाच आहे." मी म्हटलं, "तू आकाश सांभाळ." आईचं मी त्याला काही सांगितलं नाही. आईलाही काही सांगितलं नाही. पाहुणे आले होते त्याच दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला, तेव्हा मीटिंग नव्हती, तरी मी सवयीने तेच म्हटलं, "आई, मीटिंगमध्ये आहे." ती म्हणाली, "बरं, बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी 'नवा'चं खातं उघडलं. उंच ट्रेलर घेतला. निळा ट्रक कडेला उभा होता. मला थांबवायला म्हणून त्याने दिवे लावले. मी थांबले नाही. दोनदा हॉर्न दिला आणि त्याच्या समोरून सरळ पुलाखाली जाऊन बसले, करकरत. मग हाक टाकली. "अडकलोय. कोणी आहे का?"

"आहे, आहे," आई म्हणाली. निळा ट्रक हळूहळू माझ्या मागे येऊन उभा राहिला. या वेळी नाल्यात गेला नाही. ती रेडिओवर बाकीच्यांना हाक मारेल म्हणून मी वाट बघत होते. तिने कुणालाच हाक मारली नाही.

"आज मीटिंग नाही वाटतं?" ती म्हणाली.

मी लिहिलं, "आज नाही." आणि इंजिन बंद केलं.